वहिवाटीची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



"लेकीकडे विलायतेस इतके दिवस राहून आलात, तर तिकडचे काहीतरी सांगा," अशी आपल्या कार्यवाहांची आज्ञा झाली. राजवाडा, नदीकाठचे मोठे घड्याळ, मेणाचे पुतळे यांविषयी ऐकायला मिळेल अशी तुमची अपेक्षा असणार. ते सारे मी पाहिले. पण त्यांची चित्रे आता आपल्या नातवंडांच्या फोनमध्येही असतात, आणि खरे सांगायचे तर पुतळे पाहून माझे पाय तेवढे दुखले. मी आज एका पायवाटेविषयी बोलणार आहे. पायवाटेवर बोलण्यासारखे काय असते, असे तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. थोडा धीर धरा.

मी तिकडे गेले ती २०२३ च्या एप्रिलात. हे गेल्याला तेव्हा दीड वर्ष झाले होते, आणि त्या दीड वर्षात घर, वाण्याचे दुकान आणि देऊळ यापलीकडे माझे पाऊल पडले नव्हते, हे तुम्ही पाहिलेच आहे. तुमच्यापैकी कितीजणी मला बोलवायला येऊन परत गेल्या! लेकीने तिकडे गेल्यावर मला उपदेश केला नाही. मे महिन्यातल्या एका शनिवारी तिने दशम्या, लसणीची चटणी आणि चहाचा थर्मास पिशवीत भरला, आपले जुने बूट माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "आई, चल. चार-पाच किलोमीटरच आहे." पाचवारी पातळ जरा वर खोचून आणि पायांत ते बूट घालून मी निघाले. त्या वेषाचे छायाचित्र आहे, पण ते मी कुणाला दाखविणार नाही.

लंडनच्या आग्नेयेला केंट नावाचा परगणा आहे. त्याच्या पश्चिम भागात हिरवट वालुकाश्माच्या टेकड्यांची एक रांग पूर्व-पश्चिम गेली आहे. आपल्या सह्याद्रीपुढे त्या टेकड्या म्हणजे बांधच म्हणायचे. आम्ही जिथून निघालो ते टॉईज हिल समुद्रसपाटीपासून २३५ मीटरांच्या आसपास, आणि तरीही केंटमधल्या उंच जागांत ते मोडते. टेकड्यांची दक्षिण बाजू एकदम उतरते आणि खाली शेते, कुरणे, झाडांच्या राया असा वील्ड नावाचा प्रदेश दूरवर पसरलेला दिसतो. तिथली माती चिकण. पावसाने ती अशी बुटाला धरते की सोडता सोडत नाही.

टॉईज हिलचे रान बीच वृक्षांचे. १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे दक्षिण इंग्लंडवर फार मोठे वादळ झाले, त्यात या रानातली बहुतेक झाडे आडवी झाली. मला वाटले, पुढे सगळीकडे रोपे लावून रान पुन्हा उभे केले असेल. तसे नाही. काही भाग मुद्दाम जसा पडला तसाच ठेवला, आणि रान आपले आपण कसे सावरते ते पाहिले. उन्मळून पडलेले ते बुंधे शेवाळ धरून अजून पडलेले आहेत, मुळांची चाके उभी आहेत, आणि त्यांच्या आजूबाजूने भूर्ज व बीच यांची नवी झाडे चांगली उंच वाढली आहेत. मे महिन्यात बीचची पाने इतकी कोवळी असतात की खाली येणारे ऊनसुद्धा हिरवे दिसते. झाडाखाली ब्लूबेल नावाच्या निळ्या फुलांचा बहर उतरणीला लागलेला होता, तरी सावलीच्या जागी निळी साय धरल्यासारखी दिसत होती. मी तिथे बरीच उभी राहिले. लेक काही बोलली नाही.

आता वाटेकडे वळते. प्रत्येक फाट्यावर एक लाकडी खुंट, त्यावर लहानसा बाण. बाण पिवळा असेल तर ती पायी चालणाऱ्यांची वाट. निळा असेल तर ती घोडवाट. तिच्यावरून पायी जावे, घोड्यावरून जावे, आणि १९६८ च्या कायद्यापासून सायकलवरूनही जावे. पण सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची असा त्याच कायद्यात दंडक आहे. कायद्यात पायी चालणाऱ्याचा मान सायकलस्वाराच्या आधी धरला आहे, हे मला फार आवडले. आपल्या चौकात उभे राहून याचा विचार करून पाहा.

निळ्या बाणाच्या एका वाटेवर समोरून घोडा आला. वाट दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंतींमध्ये खोल गेलेली, घळीसारखी. शेकडो वर्षे माणसांनी, गुरांनी आणि पावसाच्या पाण्याने ती झिजवलेली. आम्ही कडेला अंग चोरून उभ्या राहिलो. घोड्यावर माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांनी घोडा हळू केला, माझ्या पातळाकडे आणि बुटांकडे एकदा पाहिले, आणि आज चिखल मोठा नामी आहे अशा अर्थाचे काहीतरी हसून म्हणाल्या. मीही मान हलवली.

पुढे रान संपले आणि फ्रेंच स्ट्रीट नावाची चार घरांची वस्ती लागली. तिथे वाट एका घराच्या अगदी अंगाला लागून गेली होती. दोरीवर कपडे वाळत होते, खिडकीतून आतली भांडीसुद्धा दिसत होती. नुकताच नव्या राजाचा राज्याभिषेक झाला होता, त्याच्या कागदी पताका कुंपणावर होत्या. मी थबकले.

"अगं, हे कुणाचे तरी अंगण आहे. कुणी ओरडले तर?"

"ओरडणार नाही, आई. जमीन त्यांची आहे, पण वाट सगळ्यांची आहे."

"असे कसे?"

या 'असे कसे'चे उत्तर मी त्या दिवशी वाटेवर आणि पुढे महिनाभर लेकीच्या गावच्या ग्रंथालयात बसून मिळवले. तेच मुख्यतः तुम्हाला सांगायचे आहे.

इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. त्यातल्या बहुतेक खाजगी जमिनीवरून जातात. जमीन विकली, वारसाला गेली, कुंपण घातले, तरी वाटेचा हक्क जात नाही. १९४९ च्या कायद्याने परगण्यांच्या कौन्सिलांना आपल्या हद्दीतल्या सगळ्या वाटांचा अधिकृत नकाशा करावयास लावले, आणि त्या नकाशावर जी वाट आली ती कायद्याने पक्की झाली. शेतातून आडवी वाट असेल तर शेतकऱ्याला नांगरता येते, पण नांगरल्यापासून चौदा दिवसांच्या आत वाट पुन्हा चालण्यासारखी करून द्यावी लागते. पायवाट निदान एक मीटर, घोडवाट दोन मीटर. शेताच्या कडेने जाणारी वाट मात्र नांगरायचीच नाही. दुसऱ्या एका फेरीत मी हे डोळ्यांनी पाहिले. हिरव्यागार पिकातून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भांग पाडावा तशी वाट काढलेली होती. पीक कुणाचे, नांगर कुणाचा, आणि भांग आमच्यासाठी!

आणि नकाशावर नसलेली वाट? तिचीही सोय आहे. लोक एखाद्या वाटेवरून वीस वर्षे उघडपणे, कुणाची परवानगी न घेता, कुणी न अडवता चालत आले असतील, तर ती वाट मालकाने लोकांना दिली असेच कायदा धरून चालतो. हे तत्त्व प्रथम १९३२ च्या कायद्यात आले आणि आता १९८० च्या कायद्यात आहे. पुरावा कसला, तर चाललेल्या माणसांचा. अमक्या सालापासून मी या वाटेने शाळेत जात असे, या वाटेने दूध आणत असे, असे म्हाताऱ्या माणसांनी लिहून द्यायचे. आपल्याकडे 'वहिवाट' हा शब्द आपण किती सहज वापरतो! त्या शब्दातच वाट आहे, हे माझ्या साठ वर्षांत कधी ध्यानात आले नव्हते. ते केंटच्या चिखलात आले.

तर पुन्हा आमच्या वाटेवर. फ्रेंच स्ट्रीटच्या पुढे चार्टवेल लागते. हे चर्चिलसाहेबांचे घर. त्यांनी ते १९२२ साली घेतले, १९६६ पासून ते लोकांना पाहायला खुले आहे, आणि मोटारी भरभरून माणसे तिथे येतात. १९४२ आणि बंगालचा १९४३ चा दुष्काळ ज्यांच्या घरात बोलला गेला, त्यांना या गृहस्थांच्या दिवाणखान्याचे कौतुक कुठून असणार? आम्ही बाहेरच्या बाहेर निघालो, रस्ता ओलांडला आणि मरिनर्स हिलच्या चढाला लागलो. वर कुरणाच्या उतारावर बसून दशम्या खाल्ल्या. समोर वील्डची सारी शेते आणि क्षितिजावर निळसर अॅशडाउनचे रान. खूप महिन्यांनी मला भूक लागली होती.

ही टेकडी, आणि आम्ही निघालो ते टॉईज हिलही, लोकांसाठी राखून ठेवण्यामागे एक बाई आहेत, ऑक्टेव्हिया हिल. (त्यांचे आडनावच टेकडी!) जन्म १८३८ चा. घरची ओढगस्त, त्यामुळे लहान वयात मिळवू लागल्या. १८६५ साली लंडनमधल्या मॅरिलबोन भागात त्यांनी गरिबांची काही मोडकळीला आलेली घरे व्यवस्थेला घेतली. पैसा जॉन रस्किन या प्रसिद्ध लेखकाचा, कष्ट बाईंचे. घरे दुरुस्त केली, भाडे माफक ठेवले, आणि दर आठवड्याला भाडे घ्यायला स्वतः जाऊ लागल्या. पुढे या कामासाठी त्यांनी बायकांनाच तयार केले. भाड्याच्या निमित्ताने घरात गेले की नळ गळतो का, पोर आजारी आहे का, हे कळते. बाईलाच कळते, असे मी म्हणेन.

त्या खोल्यांत बसूनच त्यांना कळले की गरिबाला छप्पर पुरत नाही. त्याला रविवारी चार तास चालायला मोकळी जागा पाहिजे. शहराजवळची कुरणे बांधली जात होती. खेड्यांतल्या वाटांचेही तेच. १८१५ च्या एका कायद्याने, दोन मॅजिस्ट्रेटांनी एखादी वाट 'अनावश्यक' ठरवली की ती बंद करता येत असे. आणि मॅजिस्ट्रेट कोण, तर बहुधा जमीनदार मंडळीच. कागद फिरायचा, सह्या व्हायच्या, आणि शेतमजुरीण दुसऱ्या दिवशी डोक्यावर भारा घेऊन येते तो वाटेवर फाटक. केंट आणि सरे या दोन परगण्यांतल्या वाटा अशा मिटू नयेत म्हणून बाईंनी पुष्कळ खटपट केली. १८९५ साली रॉबर्ट हंटर हे वकील आणि रॉन्स्ली हे पाद्री यांच्याबरोबर त्यांनी नॅशनल ट्रस्ट ही संस्था काढली. या संस्थेला पहिली जमीन मिळाली तीही एका बाईकडून. वेल्समधल्या फॅनी टॅलबट यांनी समुद्राकाठची आपली टेकडी देऊन टाकली.

ऑक्टेव्हियाबाई उतारवयात या टेकड्यांच्या पायथ्याशी क्रॉकहॅम हिल गावात घर बांधून राहिल्या. बरोबर त्यांच्या मैत्रीण हॅरियट यॉर्क. संस्थेच्या पहिल्या खजिनदार त्याच. दोघींनी मिळून आसपासच्या जागा तुकड्यातुकड्याने राखल्या, कधी वर्गणी काढून, कधी कुणाला गळ घालून. बाई १३ ऑगस्ट १९१२ रोजी वारल्या. शेवटच्या आजारातही मरिनर्स हिलच्या जमिनीचा व्यवहार त्यांच्या डोक्यात होता.

त्यांची सगळीच मते मला पटली असे नाही. बायकांना पार्लमेंटचे मत नको, असे त्यांनी १९१० साली वर्तमानपत्रात लिहिले होते. सारा जन्म बायकांच्या हातून कारभार करून घेतला आणि मतपेटी तेवढी नको म्हटली! आपल्या मंडळात त्या असत्या तर त्या सभेला मी चांगली भांडले असते. पण वाट राखली ती त्यांनीच.

टेकडीवरून फ्रॉगहोल या वस्तीपाशी शंभराहून अधिक पायऱ्यांची एक अरुंद चिरेबंद वाट खाली जाते. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत, तेव्हा त्या उतरणीविषयी न बोललेले बरे. खाली कुरण, आणि कुरणापलीकडे क्रॉकहॅम हिलचे देऊळ, म्हणजे चर्च. आवारात बाईंची कबर आहे, बहिणीच्या शेजारी. वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये, राजेरजवाड्यांच्या पंगतीत त्यांना जागा मिळत होती; पण इथेच पुरावे अशी त्यांची इच्छा होती. कबरीवरून टेकडी दिसते.

आता हे ऐकून तिकडे सारे आबादीआबाद आहे असा समज होऊ नये. वाटेवर काटेरी तार ओढणारे, पाटी काढून टाकणारे, 'कुत्र्यापासून सावध' एवढीच पाटी ठेवणारे मालक तिथेही आहेत. कुंपण ओलांडायला लाकडी पायरी असते, ती कित्येक ठिकाणी इतकी उंच की पातळ नेसलेल्या बाईने तिच्यावर चढणे म्हणजे तमाशाच. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात तर मोठमोठी माळराने शिकारीचे पक्षी पाळण्यासाठी बंद असत. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडच्या काहीशे कामगार तरुणांनी किंडर स्काउट या पठारावर ठरवून पाऊल टाकले, आणि त्यातले पाच जण तुरुंगात गेले.

त्याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाला शेफील्ड शहर आहे. तिथल्या एथेल नावाच्या तरुण मुलीचा नवरा १९१७ साली महायुद्धात मारला गेला. लग्नाला एक वर्ष झाले होते. घरच्या माणसांनी तिला शहराबाहेरच्या माळावर चालायला नेले, आणि त्या चालण्याने ती हळूहळू माणसांत आली. १९२४ साली तिने त्या भागाचे सौंदर्य राखण्यासाठी संस्था काढली, जमिनी वाचवल्या. १९५१ साली इंग्लंडातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते त्याच डोंगरांत, आणि त्यात एथेल हेथॉर्नथ्वेट यांचा, दुसऱ्या लग्नानंतरचे हे त्यांचे नाव, वाटा मोठा. ग्रंथालयात हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसले होते, एवढेच सांगते.

आणि सुटलेल्या वाटांचे काम अजून चालूच आहे. १९४९ नंतरच्या नकाशांत पुष्कळ वाटा यायच्या राहिल्या. २०२० साली हजारो स्वयंसेवकांनी जुने नकाशे नव्या नकाशांशी ताडून पाहिले, तेव्हा अशा सुमारे ४९ हजार मैल वाटा असाव्यात असे दिसून आले. २००० सालच्या कायद्याने त्या नोंदवायला २०२६ ची मुदत घातली होती. ती पुढे २०३१ झाली, आणि २०२४ च्या डिसेंबरात सरकारने ती मुदतच काढून टाकण्याचे जाहीर केले. दरम्यान निवृत्त शिक्षक, गृहिणी, टपालवाले अशी माणसे दप्तरखान्यात जाऊन दोनशे वर्षांपूर्वीचे नकाशे भिंगाने पाहत बसली आहेत. वाट नकाशात बारीक तुटक रेषेने दाखवलेली असते.

ही तुटक रेषा आपल्याकडेही आहे, भगिनींनो. परत आल्यावर मी मुद्दाम चौकशी केली. भूमी अभिलेख कार्यालयात प्रत्येक गावाचा नकाशा असतो. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. केंटच्या एक मीटरपेक्षा आपली कागदावरची वाट दुपटीहून रुंद!

हे आताच का सांगते, ते तुमच्या लक्षात आले असेल. आपल्या वसाहतीमागून पेरूच्या बागेच्या कडेने टेकडीकडे जाणारी जी वाट आहे, तिच्यावर दिवाळीनंतर पत्र्याचे कुंपण पडले. आपल्यापैकी बहुतेकींनी "आता मागून जायला नको, बाई" असे म्हणून पुढचा डांबरी रस्ता धरला. आपले एक सकाळचे फिरणे गेले. पण आपल्याकडे पालेभाजी घेऊन येतात त्या मावशी त्याच वाटेने आपल्या शेतावरून येत असत. आता त्यांना डोक्यावर पाटी घेऊन दीड मैलाचा वळसा पडतो. जमीन कुणाची, पत्रे कुणाचे, यात मी शिरत नाही. कदाचित त्या मालकांना तिथे वाट आहे हे कुणी सांगितलेलेही नसेल. शेतावर जाण्याच्या वहिवाटीच्या वाटेला अडथळा झाला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. दिवाळीपासून मोजा. फार दिवस उरलेले नाहीत.

अर्ज मावशींनी आणि त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्यांनी करायचा आहे; त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. आपण द्यायचे ते एवढेच, की या वाटेने आपण कोणत्या सालापासून चालत आलो. मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांत कोजागिरीला टेकडीवर गेल्याच्या नोंदी आहेत. त्या कार्यवाहांनी काढून ठेवल्या आहेत. ज्यांच्या सासूबाई, आई त्या वाटेने पाण्याला, देवीला, शेतावर जात असतील, त्यांनी त्यांच्याकडून साल विचारून आणावे. गावनकाशाच्या नकलेसाठी मी परवाच अर्ज दिला आहे. बुधवारी नक्कल मिळेल असे म्हणाले आहेत. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी सकाळी साडेदहाला मंडळाच्या दारात यावे, आणि पायांत चपलांऐवजी बूट असावेत, कारण येताना आपण मागच्या बाजूने, कुंपणापर्यंत जाऊन पाहणार आहोत.